मळलेला कागद

मराठीत ‘मळलेला कागद’ म्हटले, की हाताळून कळकट झालेला कागद डोळ्यांपुढे येतो. कणकेप्रमाणे कागदही मळतात, ही कल्पना आपल्याकडे नाही. जपानात मात्र ती जुनी हस्तकला आहे. त्या कागदाला ‘मोमिगामी’ म्हणतात. मोमि म्हणजे मळणे, गामी म्हणजे कागद.

आमचे सारे सेवाजीवन कागदांत गेले. चुरगळलेला कागद टोपलीत जायचा, हा आमच्या कचेरीचा शिरस्ता. चुरगळल्याने कागद वस्त्राच्या योग्यतेचा होतो, हे वाचून म्हणूनच आम्हांस नवल वाटले.

कारण त्या कागदाच्या घडणीत आहे. तुतीच्या कुळातील कोझो या झुडपाच्या अंतर्सालीपासून तो हाताने करतात. त्याचे लांब तंतू परस्परांत गुंतलेले असल्याने तो सहजी फाटत नाही. त्यावर कोन्याकू नावाच्या कंदाची खळ चढवतात. हा कंद आपल्या सुरणाचा भाऊबंद! खळ वाळली, की हलक्या हाताने कागदाचा गोळा करायचा, उलगडायचा, पुन्हा गोळा करायचा. आरंभी तो करकरतो. हळूहळू आवाज मावळतो आणि हाताला कापडाचा मऊपणा लागतो.

अशा कागदाच्या वस्त्रास ‘कामिको’ म्हणतात. कवी बाशोने १६८९ सालच्या आपल्या दीर्घ प्रवासात रात्रीच्या थंडीसाठी एक कामिको जवळ बाळगला होता. नारा येथील तोदाइजी मंदिरात इ. स. ७५२ पासून चालत आलेल्या शुनिए या व्रतात अकरा भिक्षू आजही कामिको परिधान करतात, आणि त्यासाठीचा कागद व्रतापूर्वी स्वतःच्या हातांनी मळतात.

या मळण्यास हल्ली ध्यान म्हटले जाते. ते खोटे नव्हे. पण याच कागदाची दुसरीही एक कथा आहे. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात जपानने अमेरिकेच्या दिशेने नऊ हजारांहून अधिक बाँबवाहू फुगे सोडले. त्यांतील बहुतेक कोझोच्या कागदाचे, कोन्याकूच्या खळीने चिकटवलेले होते, आणि त्या कामास शाळकरी मुली जुंपल्या होत्या. ५ मे १९४५ रोजी ऑरेगॉनच्या रानात अशा एका फुग्यावरील बाँबच्या स्फोटाने एक गर्भवती स्त्री आणि पाच मुले मरण पावली.

कागद तोच, खळ तीच. हातांची लयही फार निराळी नसावी. भिक्षूला मात्र ठाऊक असते, की हे वस्त्र आपल्याच अंगावर चढायचे आहे. त्या मुलींचे काम कोठे जाऊन पडणार, हे त्यांच्या हाती नव्हते.

सह्या करताना आमचाही हात वर्षानुवर्षे शांतच असे. एका सहीने कुणाचे निवृत्तिवेतन सुरू होई, दुसरीने कुणाची जमीन संपादनात जाई. हाताला दोन्ही सारख्याच. निवृत्तीनंतर स्नेही सांगतात, हातांना काही काम द्या, मन स्थिर होईल. हात स्थिर होतील, याची आम्हांस खात्री आहे. मनाने मात्र त्या वेळी एवढे विचारत राहावे, की हा कागद जाणार कुणाकडे?