दोरीवरचे लंगोट

घरात तान्हे मूल आहे की नाही, हे पूर्वी कोणाला विचारावे लागत नसे. अंगणातली दोरी ते सांगे. दोरीवर ओळीने लंगोट, दोन-चार दुपटी, एखादे झबले आणि कुंची वाळत असली, की रस्त्याने जाणारी बाई ओळखी, इथे पाळणा हलतो आहे. लंगोटांच्या संख्येवरून मुलाचे पोट ठीक आहे की बिघडले आहे, हेसुद्धा जाणत्या बायका सांगत. हल्ली दोरीवरून काही कळत नाही. कळलेच तर सकाळी घंटागाडीत पडणाऱ्या गाठ मारलेल्या पिशवीवरून कळते.

दिवाळी अंकात लंगोटांवर निबंध! फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाने नाक मुरडले तर मी त्याला दोष देणार नाही. पण ज्या घरात हा अंक हातोहात फिरेल, त्या घरातला प्रत्येकजण कधी ना कधी लंगोटात होताच. तेव्हा विषय तसा घरचाच आहे.

गेल्या वैशाखात माझा मुलगा, सून आणि दहा महिन्यांची नात पुण्याहून परभणीला आली. आमचा वैशाख म्हणजे काय चीज आहे, हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगून समजत नाही. पारा ४४ अंशांच्या आसपास, दुपारी रस्ते ओस, आणि माठातले पाणीही कोमट. नातीची कातडी मुळातच नाजूक. लोकरीचे टोपडे घातले तरी कपाळावर पुरळ उठायचे. त्यात या उन्हात तिला दिवसरात्र डायपर. आल्या दिवशी न्हाऊ घालताना पाहिले, तो कंबरेला आणि मांड्यांना, जिथे रबराची पट्टी बसे तिथे, लाल वळ उठलेले. जांघेच्या घड्यांत तर कातडी सोलल्यासारखी झालेली. पाणी लागताच पोर अशी कळवळली, की न्हाऊ घालणारी बाईही थबकली. "माय, लेकराला जरा वारा लागू द्या," एवढेच ती म्हणाली.

सून बिचारी तीन निरनिराळी मलमे बरोबर घेऊन आली होती. संध्याकाळी आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. कातडी फार वेळ ओली राहिली की मऊ पडते, मग घासली जाते. लघवी आणि शी एकत्र आली की तिथला आम्लपणा कमी होतो आणि शीतली पाचक द्रव्ये कातडीलाच खाऊ लागतात. नऊ ते बारा महिन्यांत हा त्रास सर्वांत जास्त दिसतो, कारण मूल वरणभात खाऊ लागलेले असते. पट्टीखालचे वळ रबराने किंवा त्यातल्या रसायनाने आले असतील. घड्यांतला लालभडक डाग आणि त्याच्या कडेचे बारीक ठिपके मात्र बुरशीचे. त्याला औषधच हवे. त्यांनी ते लिहून दिले, सुगंधी पावडर बंद करायला सांगितली, आणि दिवसातून काही वेळ मुलीला उघडे ठेवा म्हणाले.

"मग कापडाचे लंगोट बांधू का?" मी विचारले.

"अवश्य बांधा, आजी. पण कापडात जादू नाही. ओले कापड तसेच ठेवलेत तर ते डायपरपेक्षा वाईट. ओले झाले की बदला."

डॉक्टरांचे हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

डायपरला शिव्या देणे सोपे आहे. पण ज्या बायकांनी रात्री सहा-सहा वेळा उठून लंगोट बदलले, त्या शिव्या देणार नाहीत. या वस्तूचा जन्मही एका आईच्या कंटाळ्यातून झाला. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन या बाईंनी १९४६ साली न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरून घालायची न गळणारी चड्डी शिवली. १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आले, ते व्हिक्टर मिल्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या खटपटीने. त्या खटपटीला निमित्त होते त्यांच्या नातवंडाचे लंगोट बदलण्याचे. पुढे १९८०च्या दशकात त्यात एक पांढरी भुकटी आली. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन त्याची खळ करून टाकते. त्या भुकटीमुळे मूल कोरडे राहते, आई झोपते, प्रवास सुखाचा होतो. हे उपकार लहान नाहीत.

मला गंमत वाटली ती निराळीच. आमचा जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या सुमारास मानवत, सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. परभणीच्या महेबूब बागेत कापसाचे संशोधन केंद्र आहे. १९७२ साली इथे कृषी विद्यापीठ झाले, तिथेही कापसाच्या वाणांवर पिढ्यानपिढ्या माणसे खपली. मराठवाड्याचा गावरानी कापूस देशी वाणांत नावाजलेला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि तो शेतातून आणखीनच मागे सरला, तरी पांढरे सोने म्हणतात ते इथेच पिकते. आणि त्या गावातले लेकरू ज्यात गुंडाळलेले, त्यात कापसाचा धागा बहुधा नसतोच! लाकडाचा लगदा, ती भुकटी आणि प्लॅस्टिक. कापूस गाडीत बसून बाहेर जातो आणि डायपर गाडीत बसून गावात येतो.

माझ्या सासूबाईंची तीन सुती लुगडी ट्रंकेत होती. नऊवारी लुगडे विरले की त्याचे दोन भाग करायचे, त्याला आमच्याकडे धडपा म्हणत. धडपा काही दिवस घरात नेसायला, मग गोधडीला, आणि त्यातला सर्वांत मऊ भाग बाळाच्या लंगोटांना. बाळाला कोरे कापड न घालता जुनेर का घालतात, याचे कारण सासूबाई "रीत आहे" एवढेच सांगत. त्या रीतीत शहाणपण आहे. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. कोऱ्या मांजरपाटावर पाणी टाकले तर ते आधी घरंगळते. पाच-सहा वेळा गरम पाण्यातून निघाले, की ते कापड पाणी प्यायला लागते. शिवाय सूत ओले झाले की दुबळे होत नाही, उलट बळकट होते. म्हणून शंभरदा धुऊनही लंगोट टिकतो. आणि वीस वर्षे अंगावर वागवलेले लुगडे तर मऊपणात कोणत्याही मलमलीला हार जात नाही.

पण दहा महिन्यांच्या लेकराला लंगोट बांधणे म्हणजे तान्ह्याला बांधणे नव्हे. तान्हे ठेवले तिथे राहते. हे रांगते, पालथे पडते, आणि आपण गाठ मारेपर्यंत दाराशी पोचलेले असते. तान्हे थोडे थोडे दहादा करते. हे एकदाच, पण घसघशीत. तेव्हा जुनी त्रिकोणी घडी पुरेना. मी हातभर लांबीचे दुहेरी चौकोन शिवले आणि मधल्या पट्ट्यात जुन्या पंचाची चौपदरी घडी घातली. बांधायला नाडीऐवजी रुंद पट्टी, म्हणजे काचणार नाही. वरून नुसती सैल सुती चड्डी. प्लॅस्टिकची चड्डी वर चढवली, तर उकाड्याच्या दृष्टीने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे चोवीस लंगोट दोन दुपारींत झाले.

"आई, पण पाणी?" मुलाने विचारले.

प्रश्न खरा होता. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आम्ही विसरलेलो नाही. आमच्या नळालाही काही रोज पाणी येत नाही. मी हिशेब मांडला. ओला लंगोट लगेच थोड्या थंड पाण्यात बुडवायचा. शीचा असेल तर आधी संडासात झटकायचा. दिवसाचे सगळे एकदाच धुवायचे. बोअरचे पाणी जड. त्यात साबण फुटत नाही, त्याचा चिकट थर सुतात बसतो आणि लंगोट पापडासारखा ताठ होतो. म्हणून साबणाऐवजी बिनवासाची धुण्याची पावडर, तीही बेताची, गरम पाण्यात. आणि मग दोनदा स्वच्छ खळबळायचे. कपडे मऊ करायची सुगंधी औषधे अजिबात नाहीत. त्यांनी कापड पाणी प्यायचे विसरते आणि नाजूक कातडी चिडते. एकूण चार बादल्या. शेवटची खळबळ अंगण धुवायला.

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्ही प्रकारांचा हिशेब करून प्रसिद्ध केला होता. निष्कर्ष असा, की कापडाचा लंगोट आपोआप पुण्यवान ठरत नाही. तो कसा धुता आणि वाळवता यावर सारे अवलंबून. यंत्रात उष्णता देऊन वाळवला तर फायदा गेला. दोरीवर वाळवला, यंत्र भरून धुतला आणि तोच पुढच्या भावंडाला वापरला, तर फायदा मोठा. दोरी, ऊन आणि धाकटे भावंड! आणि आमच्या उन्हाचे काय सांगावे, बारा वाजता घातलेला लंगोट साडेबाराला खडखडीत. त्या उन्हाने डागही जातात आणि जंतूही बरेचसे मरतात. जे ऊन आम्हाला भाजून काढते, तेच लंगोटांच्या कामी येते.

खरा प्रश्न पाण्याचा नव्हताच. तो सुनेने विचारला, आणि फार हळू आवाजात विचारला.

"आई, तुमच्या वेळी घरात धुणारे किती होते हो?"

मी बोटे मोजली. आजेसासूबाई घड्या घालत. सासूबाई आणि मी धूत असू. दोघी नणंदा वाळत घालत. मोलकरीण निराळी. म्हणजे एका लंगोटामागे बायकांच्या हातांच्या पाच-सहा जोड्या होत्या. पुण्याच्या घरात माणसे दोन, दोघांना नोकरी. "आमच्या वेळी कुठे होते डायपर?" असे म्हणणाऱ्या सासवांनी हाताच्या या जोड्याही हिशेबात धरल्या पाहिजेत.

आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्या दळणकांडणाला विठोबा हात लावी, अशी सर्वांची श्रद्धा आहे. मी मुलाला म्हटले, "अरे, जनाबाईला विठोबा होता. हिला कोण आहे?"

तो उठला आणि बादलीपाशी जाऊन बसला. पहिल्या दिवशी त्याने नाकाला रुमाल बांधला होता. तिसऱ्या दिवशी रुमाल गेला. आमच्या ह्यांनी वाळत घालण्याचे काम स्वतःहून मागून घेतले. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस. लंगोट अगदी सरळ रेषेत, चिमटे रंगवार. घड्या माझ्याकडे. सुनेकडे फक्त मूल.

आठवड्याभरात वळ गेले. घड्यांतली लाली औषधाने ओसरली. गुण कशाचा, असे कोणी विचारले तर मी एकट्या कापडाचे नाव घेणार नाही. औषधाचा होता, वाऱ्याचा होता, नारळाच्या तेलाच्या बोटाचा होता. पण कापडाने एक गोष्ट केली. डायपर ओले झाले तरी कोणाला सांगत नाही. आईला नाही आणि मुलालाही नाही. त्याचा गुण तोच. लंगोट लगेच सांगतो. नात ओली झाली की रांगता रांगता थांबे, लंगोटाला हात लावी आणि ज्याच्याकडे बघे त्याला उठावे लागे. डॉक्टर "ओले झाले की बदला" म्हणाले होते, त्याची आठवण लंगोट दिवसातून दहादा करून देई. पुढे पुढे झोपून उठल्यावर मी तिला पायावर घेऊन बसवी, आणि सकाळचा लंगोट कोराच राही.

रात्री मात्र आम्ही डायपर बांधत होतो, आणि पुण्याच्या रात्रभराच्या प्रवासातही बांधला. नाजूक कातडीला झोपही लागते, तिच्या आईलाही लागते. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून निराळे द्यायचे, एवढा नियम पाळला. २०१६ सालच्या कचऱ्याच्या नियमांत तो होताच, आणि कचरा हातांनी निवडणाऱ्या बाईचाही विचार केला पाहिजे. पुण्याच्या पावसात लंगोट वाळेनात, तेव्हा पंख्याखाली आणि इस्त्रीखाली त्यांची सोय झाली. पुरले नाहीत त्या दिवशी डायपर. मुलगा फोनवर मला धुण्याच्या पावडरीचे भाव सांगतो. पूर्वी तो शेअरचे सांगायचा.

नात आता सोळा महिन्यांची आहे, दुडुदुडू चालते आणि ओले होण्याच्या जरा आधी, कधी जरा नंतर, आपण होऊन सांगते. दिवाळीला ती मंडळी येणार आहेत. परवा सुनेचा फोन आला, "आई, लंगोट आता फारसे लागत नाहीत. फरशी पुसायला काढू का?"

मी म्हटले, "धुऊन, उन्हात घालून, नीट घडी करून इकडे घेऊन ये. माझी ट्रंक रिकामी आहे."

ती हसली, पण नको काही म्हणाली नाही.