तिरपी तीन घरे

चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाकडे बाजू मांडून घ्यावयास पुष्कळ लोक येतात. न्याय मागावयास सहसा कोणी येत नाही. परंतु गेल्या श्रावणातल्या एका रविवारी माझ्याच घरच्या जेवणाच्या टेबलावर मला न्यायासनावर बसविण्यात आले.

टेबलाभोवती माझा नातू, माझी नात आणि त्यांचे तीन मित्र बसले होते. खेळ होता ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक गडी एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, राक्षस चालवितो आणि तंटे मिटवितो. लढाई जुंपली की चौकटींचा कागद पसरावयाचा. एक घर म्हणजे पाच फूट, एक फेरी म्हणजे सहा सेकंद, आणि सामान्य मनुष्याची एका फेरीतली चाल तीस फूट.

प्रथम मला हा सारा पोरखेळ वाटला. पण नियमांचे जाड पुस्तक चाळले आणि माझे मत पालटले. पडलेल्याला उभे राहावयाचे तर निम्मी चाल खर्ची पडते. ढिगाऱ्यातून जाताना फुटास दोन फूट हिशेब धरावा लागतो. शत्रूच्या पुढ्यातून सहज निघून जाऊ म्हटले तर तो जाता जाता एक वार करून घेतो. असल्या बारकाव्यांनी भरलेला ग्रंथ हाती आला की निवृत्त वकिलाला माहेर भेटल्यासारखे वाटते.

त्या दिवशी एका मित्राचा योद्धा मरणोन्मुख पडला होता. अशा जखमीने आपल्या पाळीला वीस पैलूंचा फासा टाकावयाचा; दहाच्या आत दान पडले की एक चूक, आणि तीन चुका झाल्या की मृत्यू. त्याच्या दोन चुका होऊन गेल्या होत्या. औषधाची कुपी होती माझ्या नातीजवळ. पण तीही भुईवर पडलेली. उठण्यात पंधरा फूट गेले, पंधरा उरले. धावत सुटावे तर चाल वाढते, पण मग त्या फेरीत कुपी पाजता येत नाही. योद्ध्याशेजारचे घर तिरप्या रेषेत तिसरे होते.

नातू सूत्रधार होता. तो म्हणाला, “पोहोचली. तीन घरे, पंधरा फूट.” त्या खेळात तिरपे घरही पाच फुटांचेच धरतात. बुद्धिबळातल्या राजाला नाही का सरळ घर आणि तिरपे घर सारखेच?

तोच पलीकडचा मुलगा ताडकन उभा राहिला. मागल्या रविवारी त्याचीही चाल पंधरा फूटच उरली होती, आणि त्याला गाठावयाचे घर सरळ रेषेत चौथे होते. एक घर कमी पडले, आणि आठ महिने सोबत केलेला त्याचा जोडीदार मेला. “आता फूटपट्टी आणा,” तो म्हणाला. मी आणली. पाच फुटांच्या चौरसाचा कर्ण सात फुटांहून किंचित मोठा. तीन कर्णांचे मिळून एकवीस फूट. “माझा माणूस वीस फुटांवर मेला, आणि हिचा एकवीस फुटांवर जगतो?” त्याचा आवाज चिरकला होता.

“आजोबा, तुम्ही सांगा,” नात म्हणाली.

मला नेमका १८९७ सालचा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आठवला. त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे अंतर मोजावयाचे ते सपाटीवर, सरळ रेषेत. म्हणजे माझा कायदा त्या मुलाच्या बाजूचा! खेळाच्या इतिहासातही त्याला आधार होता. २००३ सालच्या सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पहिले तिरपे घर पाच फुटांचे, दुसरे दहाचे, असे आळीपाळीने मोजीत. त्या रीतीने अंतर वीस फूट भरते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळी घरे सारखी केली. ही मुले खेळतात ती २०१४ ची पाचवी आवृत्ती. तिच्यात समान घरांचा नियम आहे, आणि जुनी रीत सूत्रधाराच्या पुस्तकात केवळ ऐच्छिक म्हणून उरली आहे.

निकाल ओठांवर आला असताना मला एक जुनी गोष्ट आठवली. एका दिवसाच्या उशिरावरून मी समोरच्या पक्षाचा दावा काढून टाकविला होता. अपिलाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. दाव्याला ती सोय नाही. माझा हिशेब बिनचूक होता. बाहेर पायरीवर तो म्हातारा बोटांच्या पेरांवर पुनःपुन्हा दिवस मोजीत बसला होता. मी त्याच्याजवळून निघून गेलो.

अकराव्या कलमात ‘निराळा हेतू दिसून येत नसेल तर’ अशा अर्थाचे शब्दही आहेत. मी त्या मुलाला विचारले, “खेळ सुरू करताना तिरपे घर पाच फुटांचे हे तुम्ही सर्वांनी मान्य केले होते?”

“हो.”

“आणि मागल्या रविवारी तुझी वाट तिरपी असती, तर तुलाही ही सवलत मिळाली असती?”

तो क्षणभर थांबला. “मिळाली असती.”

“मग कुपी पाजू द्या. नियम भूमितीला धरून नाही, पण तो सर्वांना आधीपासून ठाऊक होता. फूटपट्टी खरी आहे, पण ती आज, माणूस मरावयास टेकल्यावर बाहेर निघाली. नियम बदलावयाचा तर पुढच्या रविवारी बदला. कोणी भुईवर पडलेले नसताना.”

योद्धा उठला, लढाई पुढे चालली. तो मुलगाही निमूटपणे खाली बसला. पण थोड्या वेळाने पाहतो, तर तो मागल्या रविवारचा कागद काढून त्यावरची घरे बोटाने मोजीत होता. एक, दोन, तीन, चार. त्याच्या मोजण्यात चूक नव्हती, आणि माझ्या निकालातही मला ती सापडत नव्हती.

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो आणि त्याच्याबरोबर ती घरे पुन्हा एकदा मोजली.