शेवटच्या टिंबानंतर

एमएच १२ पाटीची गाडी पुण्याची, म्हणजे तिची नोंद पुण्याची. गाडी आज नागपुरात असेल, मालक बंगळुरूला राहत असेल. वेबसाइटच्या पत्त्यातलं शेवटचं 'डॉट इन'सुद्धा एवढंच सांगतं की हे नाव भारताच्या नोंदवहीत आहे. सर्व्हर सिंगापूरला असू शकतो. मालक भारतीयच असावा अशीही अट नाही.

•

शेवटी दोनच रोमन अक्षरं असतील तर ती कुठल्या तरी देशाची किंवा प्रदेशाची. कॉम, ऑर्ग, नेट यांवरून देश कळत नाही. नुसतं 'डॉट गव्ह' मात्र अमेरिकी सरकारचं. आपलं ते 'गव्ह डॉट इन', आणि ते फक्त सरकारी खात्यांना मिळतं.

•

ही दोन अक्षरं वाटली कोणी? सुरुवातीच्या काळात नावांचा हा कारभार जॉन पोस्टेल बघत. १९९४ साली त्यांनी नियम लिहून ठेवला: कोण देश आणि कोण नाही, हे ठरवणं आमचं काम नव्हे, आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत जी दोन अक्षरं आहेत ती घ्यायची. केवढं शहाणपण होतं त्यात! सीमांची भांडणं तंत्रज्ञांच्या टेबलावर आलीच नाहीत.

•

डॉट इन १९८९ पासूनचं. बरीच वर्षं त्याचा कारभार मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होता. २००५ पासून ते सर्वांसाठी खुलं झालं.

•

ई-चलनाचे खोटे मेसेज हल्ली घरोघरी येतात. खरा पत्ता 'परिवहन डॉट गव्ह डॉट इन'वर संपतो. खोट्यातही 'परिवहन' असतं, कधी 'गव्ह' आणि 'इन'ही असतात, पण मधे डॉटऐवजी आडवी रेघ, नाहीतर त्यापुढे आणखी एक शेपूट. म्हणून पत्ता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. त्याच्या डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतो.

रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना 'बँक डॉट इन'वर यायला सांगितलं, ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत देऊन. हे नाव बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. फार चांगलं काम झालं. आता घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून ही एक खूण दाखवता येते.

•

'डॉट भारत' देवनागरीत २०१४ साली आलं. मराठीत अख्खा पत्ता लिहिता येतो. आत यंत्राला मात्र तो 'एक्सएन'नं सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलून द्यावा लागतो. अडचण वेगळीच आहे: कितीतरी ऑनलाइन फॉर्म देवनागरीतला ई-मेल पत्ता 'चुकीचा' म्हणून परत करतात. हे बदलायला हवं.

•

डॉट टीव्ही म्हणजे तुवालू. प्रशांत महासागरातली नऊ बेटं, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. या दोन अक्षरांचे हक्क भाड्यानं देऊन पैसा आला आणि २००० साली तुवालू संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला.

डॉट एआय म्हणजे कॅरिबियनमधलं अँग्विला. एआयच्या लाटेत २०२३ साली तिथल्या सरकारच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा या नोंदणीतून आला. कंपनी कॅलिफोर्नियाची, फी अँग्विलाच्या तिजोरीत. मला हे मनापासून आवडतं.

•

डॉट एसयू सोव्हिएत संघाचं. १९९० मध्ये मिळालं, पुढच्याच वर्षी देश मोडला, आणि तिथे आजही नवी नावं नोंदवता येतात. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू मात्र २०१० साली बंद केलं.

•

डॉट आयओ बघितलं की मला स्वस्थ बसवत नाही. तंत्रज्ञानातल्या नव्या कंपन्यांचं हे लाडकं शेपूट. ती अक्षरं आहेत 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशा'ची, म्हणजे चागोस बेटांची. मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी, १९६५ साली ब्रिटननं ती त्याच्यापासून तोडली. दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. कित्येक पिढ्या नारळाच्या मळ्यांत राबलेली माणसं होती ती.

डॉट आयओ सुरू झालं १९९७ साली. तेव्हा बेटांवर मूळचा एकही रहिवासी उरला नव्हता.

मे २०२५ मध्ये ब्रिटननं ही बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. तो प्रदेश मानकांच्या यादीतून गेला, तर नियमानं त्याची अक्षरंही जायला हवीत. त्यासाठी पाच वर्षांची मुदत असते, वाढवून दहा. कंपन्यांना काळजी आहे ती आपल्या पत्त्याचं काय होणार याची. चागोसच्या लोकांनी डॉट आयओच्या उत्पन्नात वाटा मागितला आहे. त्यांची मागणी रास्त आहे आणि आधी तिचा निकाल लागायला हवा.