सोलणी

मुंबईच्या बंदरात शेठ लोकांच्या फायबरच्या होड्या दुरुस्तीला किनाऱ्यावर चढवतात. पाय घसरू नये म्हणून डेकवर चिकटवलेला फोम उन्हानं कुजला की खरवडायला आम्ही.

दोस्तांनो, हे काम हिसक्याचं नाही. गरम हवेच्या गननं कोपरा कोमट करायचा, खाली प्लॅस्टिकची पट्टी सारायची अन् फोम मागं दुमडून डेकलगतच सावकाश ओढायचा. सरळ वर ओढला की हातात भुगा, गोंद तिथंच. ताव जास्त झाला की फायबरवरचा गुळगुळीत थर, जेलकोट, करपतो. लोखंडी पत्रा चालवला तर ओरखडा, आन् ओरखड्याचे पैसे आमच्या हजेरीतून.

उरलेला गोंद थिनरनं. उन्हात थिनर उडतं म्हणून मुकादमानं वर ताडपत्री बांधली. वारा कोंडला. तोंडाला मास्क नाही, हातमोजे नाहीत. जोडीदार पोरगं तासाभरात ओकलं.

माझा आजा मेलेली ढोरं सोलायचा. 1956 साली धम्म घेतला अन् सुरी विहिरीत टाकली, असं आजी सांगायची. गावानं दळण तोडलं, तरी पुन्हा सुरी धरली नाही. (गोंदाला जात नसते म्हणा, पण तो पुसणाऱ्यांची नावं मुकादमाच्या वहीत वाचून बघा.)

मी पट्टी खाली ठेवली. म्हनलं, ‘‘मोजे आणा, मास्क आणा, ताडपत्री सोडा. मग लावतो हात.’’

‘‘तुम्हा लोकांना लई कायदा कळतो,’’ मुकादम म्हनला.

दुपारभर होडी अर्धी सोललेली तशीच. चार वाजता मोज्यांची एकच जोडी आली. ती पोराला दिली. ताडपत्री आम्हीच सोडली. मास्क अजून यायचाय.