नावेची बाजू

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे चोपडीपूजन होते. माझा धंदा मास्तरकीचा आणि कादंबऱ्या लिहिण्याचा. पूजा करण्याइतके जमेस काही पडत नाही. पण वडिलांचे दुकान गेले तरी त्यांची चोपडी घरात राहिली. तीत मी काजूच्या बागेचा हिशेब लिहितो.

गेल्या पाडव्याला एक जुना विद्यार्थी आला. पुण्याला मोठ्या कंपनीत असतो. "गुरुजी, एवढा मराठी तर्जुमा तपासून द्या," म्हणत त्याने जाडजूड मसुदा पुढे ठेवला. शेअरबाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो म्हणे. पाणी किती वापरले, धूर किती सोडला, झाडे किती लावली, सारे नेटके मांडले होते.

"अरे, यात माकडांचा रकाना कुठे आहे?"

तो हसला. दोडामार्गाकडचा असूनही हसला!

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचे मूळ शोधले. रान तुटते, कडेला गुरे चरतात, त्यांच्या रक्तावर गोचिडी पोसतात आणि रानातले दुखणे अंगणापर्यंत चालत येते. २०१६ साली ते आमच्या दोडामार्गात आले. आम्ही त्याला माकडताप म्हणतो.

त्या हंगामात माझ्या बागेच्या गडग्याशी एक माकड मरून पडले होते. मी ते पाहिले आणि कुणाला कळवले नाही. पंधरवड्यात काजू वेचणारी एक बाई अंथरुणाला खिळली. तिची मुलगी माझ्याच वर्गात; महिनाभर तिची जागा रिकामी होती. बाई बचावली. औषधपाण्याचा खर्च मात्र तिच्या घरी पडला. आवारातले मोजता येते. आवाराबाहेरचे असे दुसऱ्याच्या वहीत जाते.

बागेच्या जागी पूर्वी ऐन-किंजळीचे रान होते. ते मीच तोडवले. लाकडाचे पैसे जमेला आहेत, काजूचेही आहेत. नावेला काय, तर तोडणाऱ्यांची मजुरी!

मी मसुद्यातले ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारून दिले. दुसऱ्याच्या चोपडीत खोट काढण्याचा मला काय अधिकार? तो गेल्यावर मी आपली चोपडी उघडली आणि नावेच्या बाजूला लिहिले : 'एक रान.' पुढे रक्कम घालायची होती.

यंदाचा पाडवा आला. ती जागा अजून कोरीच आहे.