कासव घरात नको

रविवार, रात्री.

भाचीला तारा कासव हवंय, पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं. मी स्पष्ट नाही म्हटलं. 2022च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात पाळणं गुन्हा आहे. तरी लक्ष्मी येते म्हणून लोक ते चोरून आणतात, याची मला फार चीड येते. गवत-पाला खाणारा हा जीव बंद खोलीत पोळी-पावावर ठेवला, ऊन मिळालं नाही, की त्याचं कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. कसली लक्ष्मी!

दुकानात मिळतं ते लाल कानपट्ट्यांचं हिरवं पिल्लू मूळचं अमेरिकेतलं. आज नाण्याएवढं, पुढे ताटलीएवढं. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. एवढी वर्षं पाणी कोण बदलणार? मग कंटाळून कुणी ते इथे नागपुरात फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडायला निघतो. तिथे ते आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.

आपल्याकडे सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. घरात कासव असेल तर कृपा करून तलावात सोडू नका, वनविभागाला 1926 वर फोन करा.