मासे, माशा आणि मेहुणा

माशा मारणे आणि मासे मारणे हे दोन अगदी निराळे उद्योग आहेत. पहिल्यात मी, विशेषतः दुपारच्या जेवणानंतर कॅश काउंटरवर, बऱ्यापैकी तरबेज आहे. दुसऱ्याशी माझा संबंध ताटापुरताच. पण आमचा मेहुणा अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी राहतो, आणि तिथली माणसे चक्क माशीने मासा धरतात! २०२४ च्या जुलैत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने मला गॅलेटिन नदीत गुडघाभर पाण्यात उभे केले.

ही माशी खोटी. गळाला पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेली. ऐन उन्हाळ्यात काठच्या गवतातले नाकतोडे पाण्यात पडतात, म्हणून आमच्या गळाला नाकतोडा होता. तो इतका हलका, की नुसता भिरकावला तर पुढे जायचाच नाही. वजन असते ते दोरीला. काठी मागे न्यायची, दोरी मागे पुरती उलगडू द्यायची, मग पुढे.

"भावजी, घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. काठी दहा आणि दोनच्या मध्येच फिरली पाहिजे."

दहा ते दोन! बँकांची जुनी वेळ ती. आमचे म्हातारे खातेदार अजून तिची आठवण काढतात. मला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. पहिला नाकतोडा मागच्या झुडपात गेला, दुसरा माझ्याच टोपीत.

दोन वाजण्याचे माहात्म्य तेवढ्यावर संपत नाही. त्या राज्यात नदीचे पाणी लागोपाठ तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या २३ अंशांच्या आसपास गेले, की तिथे दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. ह्याला म्हणतात 'हूट आउल'. पूर्वी लाकूडतोडे वणव्याच्या भीतीने उन्हाळ्यात भल्या पहाटे कामाला लागत आणि घुबडांचे घुमणे ऐकत. त्यावरून हे नाव.

"म्हणजे तुमच्या बँकेसारखंच की," सौ. म्हणाली. "दोन वाजले, खिडकी बंद."

कारण मात्र वेगळे आहे. मी बी.कॉम. असल्याने ते जमाखर्चातच सांगतो. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांला ९ च मावतो. म्हणजे उन्हाने जमा घटली. त्याच उन्हाने माशाच्या अंगातले व्यवहार वाढतात, म्हणजे खर्च चढला. अशा वेळी गळाला लागून झगडणारा मासा खात्यात नसलेली रक्कम काढत असतो. सोडला, पोहत गेला, तरी काही तासांनी मरू शकतो.

हो, सोडायचाच असतो. सौ.ने डब्यात हळद, तिखट, मीठ भरून आणले होते. ते पाहून मेहुण्याने घसा खाकरला.

"ताई, आम्ही धरतो आणि सोडतो."

"सोडायचाच, तर धरता कशाला?"

ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. माझ्याजवळही नाही, पण अकराच्या सुमारास फेसाळ पाण्यात, जिथे खडकांवर आपटून हवा मिसळते, तिथे माझ्या नाकतोड्यावर झडप पडली आणि काठी वाकली, तेव्हा मी तिन्ही लोकांत ऐकू जाईल असा ओरडलो.

वीतभर तपकिरी ट्राउट, अंगावर लाल ठिपके. मेहुण्याने आधी हात ओले केले. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ सोडवून त्याने मासा पाण्याखालीच, तोंड प्रवाहाकडे करून धरला. मासा हलेना. कल्ले नुसते उघडत-मिटत होते. एक मिनिट गेले, मग दुसरे. सौ. साडी वर खोचून पाण्यात उतरली.

"अरे, जाईल ना रे तो?"

मेहुणा बोलला नाही. आम्ही तिघे वाकून उभे. मग शेपटीने एक झटका दिला, आणि हात रिकामा.

त्याने तापमापक पाण्यात बुडवला. ६७. दोन वाजायला तीन तास होते आणि कायद्याची काही आडकाठी नव्हती, पण त्याने काठ्या उलगडून पिशवीत घातल्या. काकड्या होत्या. डब्यातले तिखटमीठ लावून, पाय पाण्यात सोडून आम्ही त्या खाल्ल्या.